मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांमधला फरक ८ किलोज्यूल का आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मॅलेइक आणि फ्युमॅरिक या दोन समघटक (अणू तेच, रचना वेगळी) आम्लांची ज्वलन एन्थाल्पी, म्हणजे जळताना सुटणारी उष्णता, विभागातल्या बॉम्ब कॅलरीमीटरवर (बंद भांड्यात ऑक्सिजनमध्ये पदार्थ जाळून उष्णता मोजणारं उपकरण) मोजली. उपकरण बेन्झॉइक आम्लाने, ज्याची ज्वलन उष्णता नेमकी माहीत आहे, कॅलिब्रेट केलेलं होतं. फ्युमॅरिकसाठी मोलमागे १३३५ किलोज्यूल आले, मॅलेइकसाठी १३४३, म्हणजे फरक ८. पुस्तकांत हा फरक २० ते २२च्या घरात आहे. प्रत्येक आम्लाच्या चार-चार वाचनांचा आपसांत मेळ चांगला बसतोय. मॅलेइक पाण्यातून पुन्हा स्फटिकरूपात काढून गाळणकागदावर हवेत वाळवलं होतं, फ्युमॅरिक बाटलीतलंच वापरलं. चूक कुठे आहे, आणि याच उपकरणावर पुढे तीन झायलीन (तेही एकमेकांचे समघटक) करता येतील का?

आधी निदान सांगतो, मग कारणं. तुमच्या मॅलेइकमध्ये जवळपास १ टक्का पाणी आहे.

हे मी इथे बसून कसं म्हणतो ते आकड्यांवरूनच दिसेल. पुस्तकातली किंमत फ्युमॅरिकसाठी सुमारे १३३४ आणि मॅलेइकसाठी सुमारे १३५५. तुमचं फ्युमॅरिक जागेवर आलंय. म्हणजे कॅलिब्रेशन, थर्मामीटर, प्रज्वलनाच्या तारेची दुरुस्ती हे सगळं ठीक असलं पाहिजे, कारण त्यात खोट असती तर दोन्ही आम्लं एकाच दिशेला सरकली असती. सरकलंय एकटं मॅलेइक, आणि तेही १२ किलोज्यूलने खाली. १२ भागिले १३५५ म्हणजे ०.९ टक्के. पाणी जळत नाही, ते नमुन्याच्या वजनात फुकट मोजलं जातं. म्हणून जितके टक्के पाणी, जवळपास तितके टक्के उष्णता कमी.

आता बाकीचे संशयित. मॅलेइकचा काही भाग फ्युमॅरिकमध्ये बदलला असेल का? १२ किलोज्यूल खाली यायला निम्म्याहून जास्त मॅलेइकचं फ्युमॅरिक व्हावं लागेल. तसं झालं असतं तर ते पाण्यात विरघळलंच नसतं: २५ अंशांना लिटरभर पाण्यात मॅलेइक साडेसातशे ग्रॅमपेक्षा जास्त विरघळतं आणि फ्युमॅरिक जेमतेम सहा-सात ग्रॅम. तुम्हाला ते बीकरमध्येच दिसलं असतं. मॅलेइक तापून, पाणी गमावून अनहायड्राइड झालं असेल का? अनहायड्राइडची ज्वलन उष्णता ग्रॅममागे १४.२ किलोज्यूल आहे, मॅलेइकची ११.७. म्हणजे अनहायड्राइडमुळे तुमचा आकडा वर गेला असता. अर्धवट ज्वलन? ते मात्र आकडा खालीच ओढतं, त्यामुळे ते तपासून बाजूला काढा: बॉम्ब उघडल्यावर क्रुसिबलमध्ये किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला काजळी आहे का ते प्रत्येक वेळी पाहा आणि वहीत लिहा. पण या आम्लांच्या रेणूत ऑक्सिजन भरपूर असतो, ती सहसा काजळी धरत नाहीत. शिवाय अर्धवट ज्वलन दर वेळी वेगळं होतं आणि तुमची चारही वाचनं जुळतायत. वाचनं जुळतात आणि उत्तर चुकतं, तेव्हा पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा.

समघटकांच्या बाबतीत एक गोष्ट फार उपयोगी आहे आणि ती शिकवताना पुरेशी सांगितली जात नाही. अशुद्धी दुसऱ्या समघटकाची असेल तर ज्वलन उष्णता जवळजवळ हलत नाही. मॅलेइकमध्ये १ टक्का फ्युमॅरिक असेल तर चूक होते मोलमागे ०.२ किलोज्यूलची. १ टक्का अनहायड्राइड असेल तर सुमारे ३ किलोज्यूलची. आणि १ टक्का पाणी असेल तर साडेतेरा किलोज्यूलची. म्हणून ‘९९.५ टक्के शुद्ध’ हा बाटलीवरचा आकडा इथे पुरेसा नाही. उरलेला अर्धा टक्का काय आहे ते कळलं पाहिजे. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) एकच शिखर दिसलं म्हणून नमुना शुद्ध आहे असं धरू नका, कारण त्या यंत्राला पाणी दिसतच नाही.

मग नमुना कसा तयार करायचा? पाण्यातून काढलेल्या स्फटिकांच्या आत मातृद्रावाचे, म्हणजे स्फटिक निघाल्यावर उरलेल्या द्रावणाचे, बारीक थेंब अडकून बसतात. गाळणकागदावर कितीही दिवस ठेवा, ते बाहेर येत नाहीत. स्फटिक अगेटच्या खलात बारीक कुटा, पसरट काचेत पातळ थर करा, आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये निर्वातात ठेवा. रोज तोला. सलग दोन दिवस वजन बदललं नाही की झालं. घाई करून ओव्हन चढवू नका. मॅलेइकचा वितळणबिंदू १३५ अंशांच्या आसपास आहे आणि त्या बाजूला जाताना ते स्वतःच पाणी सोडून अनहायड्राइड व्हायला लागतं. म्हणजे ओलावा घालवता घालवता रेणूच मोडायचा. पाणी टाळायचं असेल तर अ‍ॅसिटोन आणि पेट्रोलियम ईथर यांच्या मिश्रणातून स्फटिक काढा, मात्र मग द्रावकाचा अंश राहिला नाही ना हे पाहावं लागतं. अ‍ॅसिटोन ग्रॅममागे ३० किलोज्यूलच्या वर देतं, त्याचा माग राहिला तर चूक उलट दिशेला होते.

ओलावा किती आहे ते कार्ल फिशर पद्धतीने (पाण्याचं टायट्रेशन) मोजता येईल, पण आम्लामुळे द्रावणाचा पीएच घसरतो आणि अंत्यबिंदू सरकत राहतो, म्हणून बफर घातलेलं अभिकर्मक वापरा.

याहून खात्रीचा एक मार्ग आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा कणा तोच असायला हवा. नमुन्याच्या वजनावर विसंबूच नका. जळून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला तो तोला. बॉम्बमधला वायू सावकाश सोडायचा, आधी मॅग्नेशियम परक्लोरेटच्या नळीतून पाणी काढून घ्यायचं, मग सोडियम हायड्रॉक्साइड चढवलेल्या दाण्यांच्या नळीत कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि नळी ज्वलनाआधी आणि नंतर तोलायची. शुद्ध मॅलेइकच्या १ ग्रॅमातून १.५१७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ०.९ टक्के ओलावा असेल तर १.५०३ ग्रॅमच निघेल. आणि मोलची संख्या तुम्ही या कार्बन डायऑक्साइडवरून काढलीत तर ओलावा हिशेबातून आपोआप बाहेर पडतो: पाण्यात कार्बन नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये फ्रेडरिक रॉसिनी यांनी १९३० च्या दशकात वायुरूप हायड्रोकार्बनांच्या ज्वलन उष्णता मोजल्या, तेव्हा त्यांनीही ज्वलनातून तयार झालेलं पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड तोलूनच किती पदार्थ जळला ते ठरवलं. ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांच्यात सुमारे साडेआठ किलोज्यूलचा फरक आहे, आणि दोघांची ज्वलन उष्णता २८७० च्या आसपास. ०.३ टक्क्यांचा हा फरक त्या काळात विश्वासाने सांगता आला, तो मोजमापातल्या अशा काटेकोरपणामुळेच.

आता उपकरणाकडे. आपल्याकडे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत जे बॉम्ब कॅलरीमीटर असतात ते बहुतेक कोळशासाठी बनवलेले असतात. कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्रांच्या प्रयोगशाळांत कोळशाचं उष्मांक मूल्य काढायला ते रोज चालतात आणि त्या कामाला ते चोख आहेत. पण कोळशाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १९२८ मध्ये, एकाच प्रयोगशाळेतल्या दोन वाचनांत ग्रॅममागे १२० ज्यूलपर्यंतचा फरक चालतो. मॅलेइक आणि फ्युमॅरिक यांच्यातला संपूर्ण फरक ग्रॅममागे १८० ज्यूल आहे. म्हणजे कोळशाच्या शिस्तीने काम केलं तर तुमचं उत्तर गोंगाटातच राहतं. शिस्त वाढवावी लागेल. उपकरण बदलायलाच हवं असं नाही.

थर्मामीटरचा हिशेब मांडून पाहा. साधारण दोन लिटर पाण्याच्या कॅलरीमीटरची उष्माधारिता अंशामागे १० किलोज्यूलच्या आसपास असते. १ ग्रॅम मॅलेइक जाळलं की तापमान साधारण १.१७ अंश चढतं, फ्युमॅरिकने १.१५. फरक ०.०१८ अंशांचा. डिजिटल पडद्यावर दोनच दशांश स्थळं दिसत असतील तर हा प्रयोग तिथेच थांबतो. तीन स्थळं दिसली तर फरक दिसेल, विश्वासार्ह आकडा मिळायला चार हवीत. दुसरा सोपा उपाय म्हणजे नमुना वाढवा. बेन्झॉइकचा १ ग्रॅम २६.४३ किलोज्यूल देतो, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये तापमान अडीच अंशांच्या वर चढतं. आम्लांचा मात्र एकेकच ग्रॅम घेतला तर चढ त्याच्या निम्माही होत नाही. दोन-सव्वादोन ग्रॅमची गोळी घ्या, म्हणजे चढ जवळपास बेन्झॉइकइतका होईल आणि सभोवताली निसटणाऱ्या उष्णतेची चूक कॅलिब्रेशनमध्ये आणि प्रत्यक्ष मोजणीत सारखी राहील. ऑक्सिजन कमी पडण्याची भीती नाही. या आम्लांना मोलमागे ३ मोलच लागतो आणि ३० बार दाबाला बॉम्बमध्ये त्याच्या कितीतरी पट असतो.

नायट्रिक आम्ल हे मला बहुतेक प्रकल्पवह्यांत शून्य धरलेलं दिसतं. बॉम्ब बंद करताना आत हवा राहते, तिच्यातला नायट्रोजन ज्योतीच्या उष्णतेत जळतो आणि तळाशी घातलेल्या मिलिलिटरभर पाण्यात नायट्रिक आम्ल होऊन उतरतो. मोलमागे ही उष्णता ५९.७ किलोज्यूल. आतून धुऊन घेतलेलं पाणी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केलं आणि १० मिलिलिटर लागले, तर ६० ज्यूल झाले. १ ग्रॅम मॅलेइकच्या हिशेबात तो अर्धा टक्का होतो, मोलमागे ७ किलोज्यूल. बेन्झॉइकच्या कॅलिब्रेशनमध्येही तेवढंच होत असेल असं समजून सोडून देऊ नका. बेन्झॉइकची ज्योत जास्त तापते, आम्लाचं प्रमाण वेगळं येतं. ऑक्सिजन एकदा १० बारपर्यंत भरून सोडून द्या, मग पुन्हा ३० पर्यंत भरा. नायट्रोजन बराच निघून जातो, आणि उरलेल्याचं टायट्रेशन करा. मात्र इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उकळून घालवल्याशिवाय टायट्रेशन केलं तर तोही आम्ल म्हणून मोजला जातो.

प्रज्वलनाची तार आणि धागा यांचाही हिशेब हवा. निकेल-क्रोमची तार सेंटिमीटरमागे साधारण ९.६ ज्यूल देते, जळून उरलेला तुकडा मोजून वजा करायचा. सुती धागा ग्रॅममागे १६.२४ किलोज्यूल देतो. धाग्याचे तुकडे सारख्या लांबीचे कापून आधीच तोलून ठेवले तर हा भाग निस्तरलेला राहतो. तापमानाच्या आलेखावरून खरा चढ काढताना रेन्यो-फाउंडलर पद्धत (सभोवतालशी होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीची गणिती दुरुस्ती) वापरा. ज्वलनाआधीची आणि नंतरची सरळ रेष नुसती डोळ्यांनी ओढू नका.

आता या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट. दोन समघटक जळून नेमके तेच पदार्थ, तेवढ्याच प्रमाणात देतात: इथे दोघांतूनही ४ कार्बन डायऑक्साइड आणि २ पाणी. म्हणून निर्मिती एन्थाल्पीतला (मूलद्रव्यांपासून पदार्थ बनतानाच्या उष्णतेतला) फरक म्हणजे ज्वलन एन्थाल्पीतलाच फरक, चिन्ह बदलून. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या निर्मिती एन्थाल्पींचे आकडे फरकातून उडून जातात. स्थिर आकारमानावरून स्थिर दाबावर येतानाची दुरुस्ती, इथे मोलमागे २.५ किलोज्यूल, तीही दोघांना सारखीच, तीही उडते. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या, बॉम्बमधली स्थिती प्रमाण स्थितीवर आणण्याच्या दुरुस्त्या जवळजवळ सारख्या, त्या उडतात. हवेच्या उत्प्लावक बलामुळे तोलण्यात होणारी चूकही जवळपास उडते, कारण दोन्ही आम्लांची घनता १.६च्या आसपास आहे. आणि कॅलिब्रेशनमध्ये ०.१ टक्क्याची चूक झाली तर प्रत्येक आकडा १.४ किलोज्यूलने हलेल, पण फरक हलेल फक्त ०.०२ किलोज्यूलने.

याचा पुरेपूर फायदा घ्या. आधी सगळं मॅलेइक आणि पुढच्या आठवड्यात सगळं फ्युमॅरिक असं करू नका. एकाच दिवशी, एकाच तारेच्या गुंडाळीवर, एकाच ऑक्सिजन सिलिंडरवर आलटून पालटून जाळा: मॅलेइक, फ्युमॅरिक, फ्युमॅरिक, मॅलेइक. दुपारी खोली तापली, पंखा लागला, जॅकेटचं पाणी सरकलं, या सगळ्याचा भार दोघांवर सारखा पडतो. प्रत्येकाची किमान सहा वाचनं घ्या. आकड्यासोबत अनिश्चितता द्याल तेव्हा सरासरीच्या प्रमाण विचलनाच्या दुप्पट द्या, औष्णिक रसायनात तीच रीत आहे. प्रत्येक सरासरीत ०.०५ टक्के अनिश्चितता राहिली तर प्रत्येकात ०.७ आणि फरकात १ किलोज्यूल होईल. २१ मध्ये १ म्हणजे उत्तम काम, एमएस्सीच्या पातळीला तर फारच चांगलं.

फरक बरोबर आला की पुढचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. हा फरक कशाचा? प्रबंधात ‘सिस रेणूतला ताण’ असं एका वाक्यात लिहून मोकळे होऊ नका. तुम्ही मोजलेला फरक दोन स्फटिकांमधला आहे, दोन सुट्या रेणूंमधला नाही. फ्युमॅरिकच्या रेणूची दोन्ही कार्बोक्सिल टोकं शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जोडतात आणि लांबच लांब साखळ्या तयार होतात. म्हणून ते बंद नळीत २८७ अंशांना वितळतं. मॅलेइकची दोन टोकं एकाच बाजूला असल्याने एक हायड्रोजन बंध रेणूच्या आतच वळतो आणि शेजाऱ्याला धरायला एक हात कमी उरतो. त्यामुळे २१-२२ किलोज्यूलमधला काही भाग स्फटिकाच्या बांधणीचा आहे आणि काही रेणूचा. ते वेगळं करायचं तर प्रत्येकाची संप्लवन एन्थाल्पी, म्हणजे घनाचं थेट बाष्प करायला लागणारी उष्णता, लागते. घनाची निर्मिती एन्थाल्पी अधिक संप्लवन एन्थाल्पी म्हणजे वायुरूपातली निर्मिती एन्थाल्पी, आणि रेणूबद्दल बोलायचा अधिकार त्या आकड्यालाच.

याचं फार बोलकं उदाहरण म्हणजे हायड्रॉक्सीबेन्झॉइक आम्लं. सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ऑर्थो, आणि त्याचे मेटा आणि पॅरा समघटक घनरूपात निर्मिती एन्थाल्पीने एकमेकांच्या अगदी जवळ बसतात. पण सॅलिसिलिकची संप्लवन एन्थाल्पी मोलमागे ९५ च्या आसपास आहे आणि बाकीच्या दोघांची त्याहून साधारण २० जास्त. घन पाहून तिघं सारखेच वाटतात, वायुरूपात सॅलिसिलिक स्पष्टपणे जास्त स्थिर निघतं, कारण त्याचा हायड्रोजन बंध आतच आहे आणि बाष्प झाल्यावरही तो टिकतो. नुसत्या बॉम्बवर थांबणाऱ्याच्या हातून ही गोष्ट पूर्ण निसटते.

संप्लवन मोजायला नुडसेन निःसरण ही पद्धत तुमच्या विभागातही उभी करता येण्यासारखी आहे. मिलिमीटरभर छिद्र असलेल्या बंद कोठीत नमुना ठेवायचा, बाहेर चांगला निर्वात ठेवायचा आणि ठरावीक वेळात किती वजन घटलं ते पाहायचं. त्यातून बाष्पदाब मिळतो, साधारण ०.१ ते १ पास्कलच्या पट्ट्यात. वेगवेगळ्या तापमानांना दाब मोजून क्लाउझियस-क्लॅपेरॉनच्या रेषेच्या (दाबाचा लॉगॅरिथम विरुद्ध तापमानाचा व्यस्त) उतारावरून एन्थाल्पी काढायची. ती मोजणीच्या मधल्या तापमानाची असते, २९८.१५ केल्विनवर आणायची दुरुस्ती विसरू नका. मॅलेइकसाठी तापमान शक्य तितकं खाली ठेवा, नाहीतर कोठीतून अनहायड्राइड आणि पाणी निघत राहील आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा बाष्पदाब मोजाल. याच कारणाने डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र) वितळण्याच्या शिखराच्या आकारावरून शुद्धता काढण्याची नेहमीची युक्ती या जोडीला चालत नाही: एक वितळताना मोडतं, दुसरं वितळण्याआधीच उडायला लागतं.

मॅलेइक-फ्युमॅरिकसाठी आणखी एक मार्ग सुचवतो. ज्वलनात १३५५ मधले २२ शोधायचे असतात, म्हणजे १.६ टक्के. त्याऐवजी दोघांचं हायड्रोजनीकरण केलं तर दोघांतूनही सक्सिनिक आम्लच मिळतं. घनरूपाच्या हिशेबाने मॅलेइकचे साधारण १५१ आणि फ्युमॅरिकचे १२९ किलोज्यूल येतात. तोच २२ चा फरक आता १५ टक्के झाला. मोजायची एकूण उष्णता लहान झाली की फरक आपोआप मोठा दिसतो. १९३५ मध्ये हार्वर्डला जॉर्ज किस्टियाकोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्युटीनच्या समघटकांवर हेच केलं. ८२ अंशांना वायुरूपात उत्प्रेरकावर हायड्रोजन जोडून त्यांना सिस-२-ब्युटीनसाठी ११९.७ आणि ट्रान्ससाठी ११५.५ किलोज्यूल मिळाले, ४.२ चा फरक. ज्वलनाने हाच फरक २७१० किलोज्यूलच्या ढिगात शोधावा लागला असता. तुमच्या आम्लांसाठी हायड्रोजनीकरण द्रावणात करावं लागेल आणि मग प्रत्येकाची विरघळण्याची एन्थाल्पी वेगळी मोजून मिळवावी लागेल. फ्युमॅरिक पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून एथेनॉल घ्या. काम वाढतं, पण दोन स्वतंत्र मार्गांनी तोच फरक आला तर प्रकल्पाला वजन येतं.

राहिले झायलीन. स्पष्ट सांगतो, या बॉम्बवर तीन झायलीनमधला फरक काढायच्या फंदात पडू नका. द्रवरूपात तिघांची ज्वलन एन्थाल्पी ४५५२ किलोज्यूलच्या आसपास आहे आणि आपसांतला फरक १ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे ०.०२ टक्के. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांत एकेका मोजणीची अनिश्चितताही जवळपास तेवढीच असते, आणि दोन मोजण्यांचा फरक घेतला की ती वाढते. वरून झायलीन बाष्पशील, ते काचेच्या बंद कुपीत किंवा पॉलिएस्टरच्या पातळ पिशवीत सील करून जाळावं लागतं, आणि पिशवीच्या ज्वलन उष्णतेचा हिशेब वेगळा.

झायलीनसाठी समतोलाचा मार्ग घ्या. आम्लधर्मी उत्प्रेरकावर तिन्ही झायलीन एकमेकांत बदलतात आणि समतोलाला येतात. मेटा साधारण निम्मं, उरलेलं ऑर्थो आणि पॅरा यांच्यात. वेगवेगळ्या तापमानांना हे प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजलं की व्हँट हॉफच्या रेषेच्या (समतोलांकाचा लॉगॅरिथम विरुद्ध तापमानाचा व्यस्त) उतारावरून एन्थाल्पीचा फरक थेट मिळतो. समजा फरक १ किलोज्यूल आहे. ३०० केल्विनपासून ६०० केल्विनपर्यंत गेलं तर समतोलांक सुमारे २२ टक्क्यांनी बदलतो. क्रोमॅटोग्राफवर तो १ टक्क्याच्या आत मोजता आला, तर फरकातली अनिश्चितता ०.१ किलोज्यूलच्या आत येते. बॉम्बला हे जमणार नाही.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. मेटा जास्त आहे म्हणून ते ऊर्जेने फार खाली आहे असा निष्कर्ष एकाच तापमानाच्या प्रमाणावरून काढू नका. मेटा जास्त असण्यात मोठा वाटा एन्ट्रॉपीचा आहे. पॅराची सममिती जास्त, म्हणून त्याची एन्ट्रॉपी कमी. उतारच पाहायचा. आणि समतोल खरोखर आलाय का हे दोन्ही बाजूंनी तपासा: एकदा शुद्ध ऑर्थोपासून सुरुवात करा, एकदा शुद्ध पॅरापासून, आणि दोन्ही वेळा तेच प्रमाण आलं तरच आकडा वहीत उतरवा. झेडएसएम-५ सारखा अरुंद वाटांचा झिओलाइट पॅराला आधी बाहेर सोडतो, त्यामुळे समतोलाच्या आधीच थांबलात तर पॅरा खोटं जास्त दिसेल. तापमान वाढलं की टोल्यूइन आणि ट्रायमिथाइलबेन्झीनही बनायला लागतात. त्यांची शिखरं वाढताना दिसली की त्या तापमानाची वाचनं बाजूला काढा.

आधी मात्र उरलेलं मॅलेइक न वाळवता, आहे तसंच एकदा जाळून कार्बन डायऑक्साइड तोलून पाहा, आणि बाकीचं कुटून निर्वातात ठेवा. १ ग्रॅमामागे १.५०३च्या जवळ आलं तर ओलाव्याची खात्री झाली, आणि तुमची जुनी चार वाचनंही त्या प्रमाणाने दुरुस्त करून प्रबंधात वापरता येतील. नमुना तोच असला पाहिजे एवढंच.